अतिसूक्ष्म अर्धवाहक नॅनोस्फटिक: वर्गात, लॅबमध्ये आणि चहाच्या गाड्यावर विचारले गेलेले प्रश्न

कोल्हापुरात रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवायचं काम जुनं आहे. त्यामुळे कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर बीकरच्या काचेवर चढताना इथल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. गाडं अडतं ते त्याच कुळातला अर्धवाहक (सेमीकंडक्टर) कण दोन नॅनोमीटरच्या खाली गेला की. गेल्या काही वर्षांत एमएस्सीच्या मुलामुलींनी विचारलेले, आणि काही त्यांच्या पालकांनीही विचारलेले, प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी कॅडमियम सेलेनाइडच घेतलं आहे, कारण सगळ्यात जास्त अभ्यास त्याचा झाला आहे.

"अतिसूक्ष्म" म्हणजे नेमकं किती? सगळेच क्वांटम डॉट, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायचे अर्धवाहक कण, सूक्ष्म असतात की.

असतात. पण टीव्हीत वापरतात त्या डॉटमध्ये काही हजार अणू असतात. हिशोब सोपा आहे. कॅडमियम सेलेनाइडच्या एका घन नॅनोमीटरमध्ये साधारण ३६ अणू बसतात. म्हणजे ६ नॅनोमीटर व्यासाच्या गोळीत चार हजारांच्या आसपास, ४ नॅनोमीटरमध्ये बाराशे, २ नॅनोमीटरमध्ये दीडशे आणि १.५ नॅनोमीटरमध्ये जेमतेम ६४. "अतिसूक्ष्म" म्हणतात ते या शेवटच्या दोघांना, म्हणजे दोन नॅनोमीटर आणि त्याखालच्यांना.

हा हिशोब वहीत एकदा स्वतः करून बघा. चार हजारांवरून चौसष्टवर आलो की "आकार" हा शब्दच डळमळतो. चौसष्ट अणूंच्या ढिगाचा व्यास कुठून कुठे मोजणार? म्हणून या मंडळींबद्दल बोलताना मी नॅनोमीटरपेक्षा अणूंची संख्या सांगणं पसंत करते.

आकार कमी केला की रंग का बदलतो? सोनं कितीही बारीक केलं तरी सोनंच राहतं ना?

गुजरीतला सोनार तसं म्हणेल आणि त्याच्या कानशीपुरतं ते खरंही आहे. पण त्याची कानस नॅनोमीटरपर्यंत पोचत नाही. पोचली असती तर सोन्यानेही लाल रंग दाखवला असता. त्याचं कारण वेगळं, ते आत्ता बाजूला ठेवू.

अर्धवाहकावर उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे एक रिकामी जागा सोडतो. तिला आपण होल म्हणतो. दोघं एकमेकांना धरून फिरतात. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात या जोडीची त्रिज्या पाच-सहा नॅनोमीटर भरते, म्हणजे तिला मोकळं फिरायला दहा-अकरा नॅनोमीटर तरी हवेत. तुम्ही तिला दीड नॅनोमीटर देता. खासबागेतली कुस्ती माजघरात लावल्यासारखं होतं ते. जागा आवळली की जोडीची ऊर्जा वाढते.

आकडे असे: मोठ्या स्फटिकाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडायला लागणारी किमान ऊर्जा, १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे शोषणाची कडा सुमारे ७१२ नॅनोमीटर तरंगलांबीला, गडद लालच्याही पलीकडे. दीड नॅनोमीटरच्या कणाचं पहिलं शोषण-शिखर ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पदार्थ तोच, बंधही तेच, आणि गॅप मात्र सत्तर टक्क्यांनी वाढला.

मग दोन नॅनोमीटरच्या खाली वेगळं काय घडतं? तोच नियम पुढे चालू राहत नाही का?

शोषणाच्या बाबतीत बराचसा चालू राहतो. उत्सर्जनाच्या बाबतीत नाही. साधारण १.७ नॅनोमीटरच्या खाली गेलं की शोषण निळ्याकडे सरकत राहतं, पण उत्सर्जनाचं निळं शिखर एका जागी खिळून बसतं. कण आणखी लहान करा, ते हलत नाही. याचा अर्थ उजेड आता कणाच्या पोटातून येत नसून कातडीतून येतोय.

आणि कातडी किती असते ते बघा. बाहेरचा एक थर ०.२६ नॅनोमीटर जाडीचा धरला, म्हणजे एका बंधाच्या लांबीएवढा, तर ६ नॅनोमीटरच्या कणात चोवीस टक्के अणू त्या थरात येतात. २ नॅनोमीटरमध्ये साठ टक्के. दीडमध्ये सत्तरच्या वर. या कणाला पृष्ठभाग "असतो" असं म्हणण्यात अर्थ नाही, तो बहुतांशी पृष्ठभागच असतो. या पानावरची बाकीची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

"मॅजिक साईझ" हा काय प्रकार आहे? जादू कसली?

जादू नाही, रचाई आहे. अणूंच्या काही ठराविक संख्यांचेच कण टिकतात, त्यांना मॅजिक साईझ म्हणतात. कपिलतीर्थ मंडईत जा. तिथे एखादी मावशी लिंबांचा त्रिकोणी मनोरा रचून बसलेली असते. वर एक लिंबू, त्याखाली तीन, त्याखाली सहा, मग दहा, पंधरा, एकवीस, अठ्ठावीस. प्रत्येक थर पूर्ण झाला की एकूण लिंबं होतात १, ४, १०, २०, ३५, ५६, ८४. मधली कुठलीही संख्या घ्या, चाळीस समजा, तर पाच लिंबं कुठेतरी अधांतरी राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीचा धक्का लागून पडतात.

आता हे बघा. २०१४ साली ज्यांची रचना उलगडली त्या तीन कॅडमियम सेलेनाइड क्लस्टरमधले (अणूंच्या झुबक्यांमधले) अणू असे आहेत: ३५ कॅडमियम आणि २० सेलेनियम, ५६ कॅडमियम आणि ३५ सेलेनियम, ८४ कॅडमियम आणि ५६ सेलेनियम. लिंबांचेच आकडे! कॅडमियमचा एक मनोरा आणि त्याच्या फटींत बसलेला, एक पायरी लहान असा सेलेनियमचा मनोरा. कण गोल नाहीत, चार तोंडांचे आहेत. पाठ्यपुस्तकातल्या गोल गोळीच्या चित्राने इथे मुलांची फार दिशाभूल होते.

पस्तीस लिंबांचा मनोरा रचून एक प्रश्न स्वतःला विचारा: चारही बाजूंनी, तळही धरून, एकाही बाजूने न दिसणारी लिंबं किती? उत्तर आहे एक. फक्त एक. छप्पन्नच्या मनोऱ्यात चार, चौऱ्याऐंशीच्या मनोऱ्यात दहा. मी हे वर्गात खरीच लिंबं आणून करते. पहिल्या वेळी मुलं दहा-बारा असा अंदाज सांगतात.

म्हणूनच हे कण वाढताना शोषणाचं शिखर हळूहळू सरकत नाही, उड्या मारतं. ३५०, मग ४०८, मग ४३५ नॅनोमीटर. मधे मुक्काम नाही.

एक खबरदारी: सगळेच मॅजिक कण असे चार तोंडांचे नसतात. २००४ साली वस्तुमानमापनातून ३३ किंवा ३४ जोड्यांचे कण पुढे आले, ज्यांत कॅडमियम आणि सेलेनियम समसमान होते. त्यांच्यासाठी पिंजरा आणि त्यात अडकलेला गाभा अशी रचना सुचवली गेली. शोषण ४१५ च्या जवळ. नुसतं शोषण-शिखर बघून "माझा कण अमुक रचनेचा" असं प्रबंधात लिहू नका. परीक्षक तेवढ्यावरच धरतात.

३५ कॅडमियमला २० सेलेनियम, मग वरचा विद्युतभार कुठे जातो?

चांगला प्रश्न, आणि तो दरवर्षी मागच्या बाकावरूनच येतो. कॅडमियमचे दोन-दोन धरून अधिक सत्तर, सेलेनियमचे उणे चाळीस. उरले अधिक तीस. ते फेडायला बाहेरून तीस कार्बॉक्सिलेट, म्हणजे उणे एक भाराचे सेंद्रिय गट, येऊन चिकटतात. छप्पन्नच्या कणाला बेचाळीस लागतात, चौऱ्याऐंशीच्या कणाला छप्पन्न. वर अमाइनचे रेणूही असतातच. म्हणजे ज्याला आपण "अर्धवाहक कण" म्हणतो, त्यातला बराच ऐवज सेंद्रिय रेणूंचाच निघतो.

ते लिगँड, म्हणजे बाहेरून चिकटलेले रेणू, नसले तर?

तर कण राहत नाही. हे मी स्वतःच्या हाताने शिकले. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी एका बॅचला "अगदी स्वच्छ" करायला निघाले. मिथेनॉल घालायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं ओतून टाकायचं. दोनदा ठीक होतं. मी पाचदा केलं. पाचव्या वेळी तळाशी फिकट पिवळी पावडर बसली ती टोल्युइन या द्रावकात परत विरघळेचना, आणि यूव्ही (अतिनील) उजेडाखाली धरली तर मेलेली. घरातल्या काशाच्या वाट्या आई इतक्या घासायची की त्यावरची नक्षी गेली, तसंच झालं. आमच्या सरांनी बाटली उजेडाकडे धरली आणि एवढंच म्हणाले, "धुतलीस व्हय चांगली?"

नेहमीचा लिगँड म्हणजे ओलेइक आम्ल. अठरा कार्बनची साखळी. शेंगतेलात हेच आम्ल भरपूर असतं, त्यामुळे नाव ऐकून दचकू नका. पण लॅबमध्ये शेंगतेल ओतून चालणार नाही. तेलात ते ग्लिसरॉलला बांधलेलं असतं. हेही विचारून झालंय.

हे कण खरंच स्फटिक म्हणावेत का?

मी "हो, पण" म्हणते. स्फटिक म्हणजे एकाच नमुन्याची लांबच लांब पुनरावृत्ती. जिथे नमुना तीन-चार वेळाच येतो तिथे त्याला पुनरावृत्ती म्हणायची की योगायोग?

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांचं विवर्तन, घ्या. मोठ्या कॅडमियम सेलेनाइडच्या क्यूबिक (घनाकृती) रचनेची ठळक शिखरं २५, ४२ आणि ५० अंशांजवळ येतात. कणाच्या आकाराचं शिखराच्या रुंदीशी नातं सांगणारं शेररचं सूत्र लावलं तर २ नॅनोमीटरच्या कणासाठी प्रत्येक शिखर चार अंशांहून रुंद होतं, दीडसाठी साडेपाचच्या आसपास. मग ४२ आणि ५० ची दोन्ही एकमेकांत मिसळतात. आलेखात एक टेकाड आणि त्याच्या उजवीकडे एक लांबट उंचवटा एवढंच दिसतं, पन्हाळ्याच्या रस्त्यावरून जोतिबाचा डोंगर धुक्यात दिसावा तसं. त्यातून रचना क्यूबिक की षट्कोनी, हे ठामपणे सांगणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून अशा कणांसाठी अणू-अणूंमधली अंतरं थेट काढणारी जोडी-वितरणाची पद्धत वापरतात. आणि नशिबाने क्लस्टरचाच मोठा स्फटिक वाढला तर क्ष-किरणांनी प्रत्येक अणूची जागा मिळते. कॅडमियम सल्फाइडच्या, ३२ कॅडमियम असलेल्या कणाचं असं चित्र १९९३ मध्ये मिळालं. इंडियम फॉस्फाइडच्या, ३७ इंडियम आणि २० फॉस्फरस असलेल्या कणाचं २०१६ मध्ये.

वितळणंही बघा. कॅडमियम सल्फाइड एरवी १४०० अंश सेल्सियसच्या वर वितळतो. १९९२ च्या प्रयोगांत सगळ्यात लहान कणांचा वितळणबिंदू जवळजवळ हजार अंशांनी खाली आलेला दिसला. कातडीतल्या अणूंना शेजारी कमी, त्यामुळे धरून ठेवणारं कोणी नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की ३७ कॅडमियम आणि २० गंधक असलेला कण मिथेनॉलच्या वाफेने आपली अंतर्गत रचना बदलतो आणि ती वाफ काढून टाकली की परत पहिल्या रूपात येतो. अणूंची संख्या तीच. रेणूचे समघटक असतात तसे हे कणाचे समघटक. आमच्या रसायनशास्त्र विभागातले मित्र म्हणतात, "मग तो रेणूच आहे, तुम्ही भौतिकवाले उगाच स्फटिक म्हणता." भांडण मिटलेलं नाही.

पांढरा उजेड देणारे कण म्हणतात ते हेच का?

हेच. २००५ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मायकेल बॉवर्स, जेम्स मॅकब्राइड आणि सँड्रा रोझेन्थाल यांनी दीड नॅनोमीटरच्या कॅडमियम सेलेनाइड कणांवर लेझर टाकला. निळा उजेड येईल अशी अपेक्षा होती. आला पांढरा. मग त्यांनी ते कण पॉलियुरेथेनमध्ये, म्हणजे लाकडाला लावतात त्या वॉर्निशमध्ये, कालवून एका एलईडीला फासले आणि दिवा पांढरा पेटला. शोषण ४१४ नॅनोमीटरला आणि उत्सर्जन पार निळ्यापासून लालपर्यंत पसरलेलं.

पहिली शंका अशी येते की वेगवेगळ्या आकाराचे कण मिसळले असतील, प्रत्येकाचा रंग वेगळा, सगळे मिळून पांढरा. शंका रास्त, पण खोटी. एकेक कण सुटा करून पाहिला तरी त्याचा वर्णपट रुंदच आला.

मग कारण काय? एक उत्तर: कातडीवर ज्या अणूंचे बंध अपुरे आहेत तिथे इलेक्ट्रॉन किंवा होल अडकतात, प्रत्येक सापळ्याची खोली वेगळी, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. दुसरं उत्तर २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं आणि संगणकी गणितं एकत्र करून पुढे आलं: हा कण स्थिर नसतोच. उजेड शोषला की त्याचे अणू सतत जागा बदलत राहतात, त्याबरोबर गॅपही खालीवर होतो आणि एकाच कणातून सगळे रंग बाहेर पडतात. मला दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरोधातली वाटत नाहीत. कातडीच हलत असेल तर तिच्यावरचे सापळेही हलणारच.

मग घरात हे दिवे का आले नाहीत?

सुरुवातीला शंभर फोटॉन शोषले तर दोन-तीनच बाहेर पडत. २०१२ मध्ये फॉर्मिक आम्लाची प्रक्रिया करून हे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत नेलं गेलं. उडी मोठी आहे, पण बाजारातला साधा पांढरा एलईडी, निळी चिप आणि वर पिवळं फॉस्फर (उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड देणारा लेप), स्वस्त आहे आणि टिकतो. शिवाय कॅडमियमचा प्रश्न आहेच.

झिंक सल्फाइडचं कवच चढवून चमक वाढवता येत नाही का?

मोठ्या डॉटसाठी तोच राजमार्ग. इथे नाही. झिंक सल्फाइडचा एक थर सुमारे ०.३१ नॅनोमीटरचा. दोन थर चढवले तर दीडचा कण पावणेतीनचा होतो, आकारमान सहापट. अंगापेक्षा बोंगा मोठा. आणि ज्या कातडीतून पांढरा उजेड येत होता तीच झाकली जाते.

बनवतात कसे?

गुऱ्हाळ पाहिलंय ना? गुळव्या काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून गोळी बघतो, आणि त्या एका क्षणाला काहील उतरवतो. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवली तर बसत नाही. इथेही कौशल्य उतरवण्याच्या क्षणातच आहे.

१९९३ मध्ये आलेल्या गरम-टोचणीच्या पद्धतीचं आता रूढ असलेलं एक रूप असं: कॅडमियमचं द्रावण तीनशे अंशांच्या आसपास तापवायचं आणि त्यात सेलेनियमचं गार द्रावण सिरिंजने एका झटक्यात सोडायचं. एकदम असंख्य बीजं पडतात, द्रावणातला माल घटतो, तापमान उतरतं, नवीन बीजं पडणं थांबतं आणि मग असलेलीच वाढतात. नेहमीचे डॉट हवे असतील तर काही मिनिटं वाढू द्यायचं. अतिसूक्ष्म हवे असतील तर काही सेकंदांतच गार टोल्युइन ओतून सगळं थिजवायचं.

मंद पद्धतीही आहेत. कमी तापमानावर तासन्‌तास ठेवून कण मॅजिक संख्येवर आपोआप थांबू द्यायचे. माझ्या मते पदव्युत्तर प्रकल्पासाठी याच बऱ्या. गरम-टोचणीच्या वेळी आमच्याकडे एकदा ऐन मोक्याला लाईट गेली. ढवळणं बंद, मँटल (फ्लास्क तापवायची शेगडी) मात्र तापलेलंच. टोल्युइनची बाटली अंधारात हाताला लागेपर्यंत फिकट पिवळं द्रावण नारिंगी झालं होतं. तेव्हापासून ती बाटली झाकण सैल करून डाव्या हाताशी ठेवते.

टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) माझे कण दिसतच नाहीत. सॅम्पल वाया गेलं का?

बहुधा नाही. साठ-सत्तर अणूंचा कण कार्बनच्या पडद्यावर फारच फिका दिसतो, आणि इलेक्ट्रॉनांचा झोत त्याला जागेवर राहू देत नाही. आधी शोषणाचा आलेख बघा. अरुंद, टोकदार शिखर असेल तर कण आहेत.

२०२३ चं नोबेल याच कणांसाठी होतं ना?

क्वांटम डॉटसाठी होतं, अतिसूक्ष्मांसाठी खास असं नाही. अलेक्सी एकिमोव यांनी १९८१ मध्ये काचेतल्या कॉपर क्लोराइड कणांत आणि लुई ब्रस यांनी १९८३ मध्ये द्रावणातल्या कॅडमियम सल्फाइड कणांत आकाराचा परिणाम दाखवला. मौंगी बावेंडी यांनी वर सांगितलेली गरम-टोचणी आणली.

विषारी आहे का? बेसिनमध्ये ओतलं तर?

ओतायचं नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. युरोपात विजेच्या उपकरणांत त्याची मर्यादा वजनाने ०.०१ टक्के आहे. कण लहान म्हणून धोका लहान असं नाही. कातडी जास्त म्हणजे विरघळून कॅडमियम सुटायलाही जागा जास्त. शहरातलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं हे आपण सगळे नाकाला रुमाल लावून बघत आलोय, त्यात आपली भर नको. पहिल्या धुण्याचं मिथेनॉलसुद्धा वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये. कॅडमियम टाळायचंच असेल तर इंडियम फॉस्फाइडकडे वळा, पण तो हवा आणि ओलावा अजिबात सोसत नाही. आपल्याकडच्या जुलैत तर नाहीच.

नोटा तपासायच्या टॉर्चखाली हे कण दिसतील का?

दिसतील. त्या टॉर्च बहुधा ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरच्या असतात आणि दोन्ही ४१४ च्या अलीकडच्या आहेत, त्यामुळे कण तो उजेड शोषतात. ३९५ च्या टॉर्चचा स्वतःचा जांभळा उजेड डोळ्यांत जातो आणि बाटली निळसर वाटते. ३६५ ची मिळाली तर ती घ्या. बाटली काळ्या कागदावर ठेवा, टॉर्च बाजूने मारा, आणि शेजारी नुसत्या टोल्युइनची बाटली ठेवायला विसरू नका. गेल्या वर्षी एका मुलाने अर्धा तास जो पांढरा उजेड सगळ्यांना बोलावून दाखवला, तो बाटलीवरच्या लेबलच्या कागदाचा होता.